नानांच्या डब्यांतली कॅनडाची नाणी: कोणती तपासायला पाठवायची आणि कोणती नाही

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही मिसिसागाला राहतो. माझे सासरे, नाना, १९७२ साली कॅनडात आले आणि स्कारबरोमध्ये त्यांनी बरीच वर्षं दूध-ब्रेड-वर्तमानपत्रांचं छोटं दुकान चालवलं. गल्ल्यात वेगळं दिसणारं नाणं आलं की स्वतःच्या खिशातले पैसे गल्ल्यात टाकून ते नाणं बाजूला काढायचे. गेल्या हिवाळ्यात नाना गेले. आता कपाटातून फोटोच्या रिळांच्या काळ्या डब्या निघाल्या आहेत, त्यांत सालवार नाणी आहेत: घोडेस्वाराचे १९७३ चे चाळीस क्वार्टर, चांदीचे २२ डॉलर (बहुतेक १९६५ चे, एक १९४७ चा), १९५० नंतरचे सेंट, १९६९ च्या काही डाइम (दहा सेंटची नाणी) आणि २००६ चे ढीगभर सेंट. १९४७ च्या डॉलरवर सालाला लागून एक बारीक डाग आहे. एका क्वार्टरवर राणीचं नाक दुहेरी दिसतं. पुतण्या म्हणतो, सगळी अमेरिकेला पाठवून स्लॅब करून, म्हणजे तपासून कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करून आणू, मग भाव बघ. एका दुकानदाराने वरवर पाहून सगळ्याचे ६०० डॉलर सांगितले. आणि यांनी आठ डॉलर पितांबरीने घासून लख्ख केलेत. यात दुर्मीळ काय आहे, ते घरी कसं ओळखायचं आणि सर्टिफिकेट कशाकशाचं घ्यायचं?

– एक वाचक, मिसिसागा

ताई,

सगळ्यात आधी पितांबरी देवघराकडे परत गेली पाहिजे. उरलेल्या नाण्यांना आता काहीही लावू नका, साधा साबणही नको. ठशाखालून निघालेल्या नाण्यावर धातूच्या ओघाच्या फार बारीक रेषा असतात. दिव्याखाली नाणं तिरकं करून फिरवलं की चमक त्याच्याबरोबर गोल फिरताना दिसते, ती या रेषांमुळे. पावडरने घासलं की त्या जातात, उरतो तो नुसता चकचकीतपणा. जाणता माणूस तो दोन सेकंदांत ओळखतो. मात्र त्या आठ डॉलरांसाठी घरात वाद घालू नका. ते नेहमीच्या प्रकारातले १९६५ चे असतील तर त्यांची किंमत चांदीचीच होती आणि चांदी जागेवर आहे.

याच चांदीचा हिशेब दुकानदाराच्या आकड्याआधी करून टाकू. १९६७ पर्यंतच्या कॅनडाच्या चांदीच्या डॉलरचं वजन २३.३ ग्रॅम आणि त्यात ८० टक्के चांदी, म्हणजे प्रत्येकात ०.६ औंस शुद्ध चांदी. २२ डॉलरांत १३.२ औंस. आजचा भाव पाहा, गुणाकार करा आणि तो ६०० च्या शेजारी लिहा. त्या गृहस्थाने फक्त हाच हिशेब केला होता, की तोही स्वतःच्या सोयीने केला होता, हे कागदावर दिसेल. बाकीच्या डब्यांचे त्याने काय धरले असतील ते मग वेगळं सांगायला नको.

आता दुर्मीळ काय ते पाहू. तुमच्याकडे दहा पट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा, एक चुंबक आणि फोनचा कॅमेरा एवढं असलं की पुरे. भिंग घेताना वीस-तीस पटींच्या मागे लागू नका. जास्त मोठं करून पाहिलं की प्रत्येक ओरखडा व्हरायटी, म्हणजे त्याच सालाच्या नाण्याचा वेगळा प्रकार, वाटायला लागतो.

सुरुवात नानांच्या घोडेस्वारांपासून. कॅनडाच्या घोडदळ पोलिसांना १९७३ मध्ये शंभर वर्षं झाली म्हणून ते क्वार्टर निघालं. पाडलं गेलं साडेतेरा कोटींच्या आसपास, त्यामुळे एरवी त्याची किंमत पंचवीस सेंटच. पण या नाण्यासाठी राणीची बाजू नव्याने, जरा लहान मुखवट्याने (चेहऱ्याच्या चित्राने) तयार केली होती. काही नाण्यांवर मात्र मोठ्या मुखवट्याचा ठसा लागला. त्यांची संख्या संग्राहक दहा हजारांच्या आसपास धरतात. नाना याच्याच मागे असणार, नाहीतर एकाच सालाचे चाळीस क्वार्टर कोण जमवतं! मोठा मुखवटा सापडला तर वापरातल्या, झिजलेल्या नाण्यालाही साधारण शंभर डॉलरांच्या घरात भाव येतो.

ओळख घोड्याच्या बाजूला शोधू नका, ती राणीच्या बाजूला आहे. कडेने जे मण्यांचं कडं आहे त्यात लहान मुखवट्याला १२० मणी असतात आणि मोठ्याला १३२. चाळीस नाण्यांवर सव्वाशे-सव्वाशे मणी मोजत बसलात तर डोळे जातील. एक सोपी युक्ती सांगतो. सगळी नाणी राणीची बाजू वर करून एकाच दिव्याखाली ओळीने मांडा. एखादं वेगळं असेल तर मुखवटा आणि मणी यांच्यातलं अंतर तुम्हाला आपोआप खटकेल. जे खटकेल त्याचा अगदी वरून, न तिरपता फोटो काढा, फोनवर मोठा करा, मध्यावरून उभी-आडवी रेघ मारून चार भाग करा आणि एकाच भागातले मणी मोजा. ३० च्या आसपास आले तर लहान मुखवटा, ३३ आले तर मोठा. मग खात्रीसाठी पूर्ण १३२ एकदा मोजाच. हे नाणं निकेलचं आहे, चुंबकाला चिकटतं. न चिकटणारं १९७३ चं क्वार्टर मिळालं तर ते वेगळंच प्रकरण आहे, बाजूला ठेवा.

आता १९४७ चा डॉलर. सगळ्या पत्रात मला हेच नाणं वाचून हुरूप आला. त्यावरच्या डागामागे आपलाही इतिहास आहे.

कॅनडाच्या नाण्यावर तेव्हा सहाव्या जॉर्जचं चित्र असे आणि भोवतीच्या लॅटिन अक्षरांत शेवटी ‘ईटी आयएनडी: आयएमपी:’ असं असे. म्हणजे ‘आणि भारताचा सम्राट’. १५ ऑगस्ट १९४७ नंतर ही पदवी नाण्यावरून काढणं भाग होतं. नव्या मजकुराचे ठसे लंडनहून यायचे होते आणि ते वेळेवर आले नाहीत. इकडे बाजारात सुट्या पैशांची मागणी तशीच होती. मग ओटावाच्या टांकसाळीने १९४८ मध्ये जुनेच १९४७ चे ठसे चालू ठेवले आणि ही नाणी पुढच्या वर्षी पाडली आहेत हे कळावं म्हणून सालाच्या शेजारी इवलंसं मेपलचं पान कोरलं. सेंटापासून डॉलरपर्यंत सगळ्या नाण्यांवर ते आलं. दहा वर्षांपूर्वीच त्यांच्यावर अशीच वेळ आली होती. आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली, नव्या राजाचे ठसे तयार नव्हते, म्हणून १९३७ च्या सुरुवातीला जुन्या १९३६ च्या ठशांवर एक टिंब देऊन नाणी पाडली गेली. त्यातल्या टिंबाच्या सेंटाची जगात तीनच नाणी माहीत आहेत आणि त्यातलं एक २०१० मध्ये अमेरिकेत लिलावात चार लाख डॉलरांच्या वर गेलं.

तेव्हा तुमचा तो डाग म्हणजे पान आहे का, हा सगळ्या डब्यांतला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. पान असलेले डॉलर २१,१३५ पाडले गेले. पानाशिवायचे १९४७ चे ६५,५९५. पान दिसलं म्हणून लगेच हुरळून मात्र जाऊ नका, कारण पानाचे सेंट कोट्यवधी आहेत आणि ते डॉलरभरालाही जड जातात. डॉलर आणि पन्नास सेंट यांची गोष्ट वेगळी. पन्नास सेंटांचं पानवालं नाणं ३८,४३३ एवढंच निघालं, आणि त्यातही सातचा पाय वळलेला असेल तर ते फार दुर्मीळ.

भिंगाखाली पाहा. खरं पान सातच्या लगेच उजवीकडे असतं, उठावाचं असतं, नाण्याच्या जमिनीतूनच वर आलेलं दिसतं आणि जेवढा सात झिजलेला आहे तेवढंच तेही झिजलेलं असतं. डाग नाण्यात खाली खचलेला असेल तर तो टवका आहे. सपाट आणि काळा असेल तर मळ आहे, तो नखाने काढायला जाऊ नका. आणि पान छान ठसठशीत, पण भोवतीची जमीन खरवडल्यासारखी किंवा बाकीच्या मैदानापेक्षा वेगळ्या रंगाची दिसत असेल तर कोणीतरी ते नंतर बसवलं आहे असं समजा. या मालिकेत अशा करामती होतात. १९४८ च्या डॉलरचे तर बनावट नमुने बाजारात सहज मिळतात, कारण ते साल फक्त १८,७८० नाण्यांचं आहे. म्हणून वजन कराच. झिजेने थोडं कमी भरेल, पण २३.३ ग्रॅमच्या फार खाली किंवा वर गेलं, किंवा चुंबकाकडे सरकलं, तर आशा सोडा.

पान नाही निघालं तरी हिरमुसू नका. पानाशिवायचा १९४७ चा डॉलरसुद्धा दोन प्रकारांत आहे, सातच्या पायाचं टोक अणकुचीदार किंवा बोथट, आणि दोन्हींना चांदीपेक्षा बराच जास्त भाव आहे. अणकुचीदार जास्त महाग. तुमच्या यजमानांनी घासलेल्या आठांत हा डॉलर नसावा अशी मी मनापासून आशा करतो.

सेंटांकडे येऊ. १९५३ मध्ये तरुण राणी एलिझाबेथचा पहिला मुखवटा आला त्याचा उठाव जरा जास्तच होता, त्यामुळे खांद्यावरच्या वस्त्राची घडी नाण्यावर नीट उठत नव्हती. टांकसाळीचे कोरीवकार थॉमस शिंगल्स यांनी तो त्याच वर्षी दुरुस्त केला. पुढे १९५५ मध्ये काही सेंटांवर चुकून जुना ठसा लागला. घडी नसलेला १९५५ चा सेंट ही कॅनडाची नावाजलेली व्हरायटी आहे, झिजलेला असला तरी शेकड्यांत जातो. पण खांदा पाहून ठरवू नका, झिजलेल्या सेंटावर घडी कोणाचीच दिसत नाही आणि तिथेच निम्मे लोक फसतात. राणीभोवतीच्या अक्षरांतला उभा ‘आय’ पाहा. जुन्या ठशावर त्याची दोन्ही टोकं डमरूसारखी रुंदावलेली असतात, नव्यावर त्याच्या कडा सरळ असतात. अक्षरं खांद्यापेक्षा उशिरा झिजतात, म्हणून ही खूण शेवटपर्यंत टिकते. १९५३ च्या सेंटांत दोन्ही प्रकार आहेत, तेव्हा आधी तुमच्या डब्यातल्या १९५३ वर नजर बसवा आणि मग १९५५ उघडा.

२००६ च्या ढिगासाठी चुंबक घरातल्या मुलांच्या हातात द्या. त्या साली कॅनडाचे सेंट पोलादावर तांबं चढवून आणि जस्तावर तांबं चढवून असे दोन्ही तऱ्हेने निघाले, आणि वर्षाच्या मध्यातच राणीखालचं ‘पी’ अक्षर जाऊन टांकसाळीची वर्तुळातली पानाची खूण आली. ‘पी’ असलेला चिकटला तर साधा. दोन्हींपैकी काहीच नसलेला आणि न चिकटणारा, तोही साधा. काहीच नाही आणि तरी चिकटला, तर तो वेगळा ठेवा. पानाची खूण आहे आणि चिकटत नाही, तोही वेगळा ठेवा. कॅनडात मे २०१२ मध्ये सेंट पाडणं थांबलं आणि फेब्रुवारी २०१३ पासून त्यांचं वाटपही बंद झालं, त्यामुळे असे ढीग आता घराघरांतच सापडतात.

१९६५ च्या डॉलरांचे पाच प्रकार आहेत. मणी लहान, मध्यम की मोठे, आणि सालातल्या पाचचं खालचं टोक अणकुचीदार की बोथट, यावरून ते ठरतात. सगळे मिळून एक कोटीहून जास्त निघाले, तेव्हा बहुतेक वेळा चांदीचाच भाव. मध्यम मणी आणि अणकुचीदार पाच हा त्यातला सर्वांत दुर्मीळ. मोठे मणी आणि अणकुचीदार पाच त्याच्या खालोखाल. मण्यांचा आकार नुसत्या आठवणीवर कळत नाही, नाणी शेजारी शेजारी ठेवूनच पाहावी लागतात. तुमच्याकडे वीसेक आहेत म्हणजे निम्मं काम झालं. यात घासलेलेही सामील करा, प्रकार ओळखायला चमक लागत नाही.

१९६९ च्या डाइमवर आकडे मोठे आणि जहाजही मोठं असेल तर मला नाही, थेट जाणकाराला दाखवा. तसल्या नाण्यांची संख्या हाताच्या बोटांच्या फार पुढे जात नाही. नेहमीची, लहान आकडे-लहान जहाजाची, साडेपाच कोटींहून जास्त आहेत. १९६८ च्या डाइमवर मोठं जहाज आहे, ती शेजारी ठेवून ताडून पाहा, जहाज तेवढंच मोठं असेल तर दिसतं. खरं सांगायचं तर तसं दिसण्याची शक्यता फार कमी आहे, पण पाहायला पैसे पडत नाहीत.

आणि राणीचं दुहेरी नाक. ठसा कोरतानाच दुहेरी उमटला असेल तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तेच येतं, दोन्ही रेषा गोलसर, पूर्ण उठावाच्या असतात आणि कोपऱ्यात त्यांच्यामध्ये खाच दिसते. नाणं पाडताना ठसा किंचित हलला तर एका बाजूला सपाट, चमकदार पायरीसारखी कड तयार होते. ती दिसायला दुहेरी असते, पण तिला कोणी पैसे देत नाही. व्हिडिओंमध्ये जे ‘हजारो डॉलरचं’ म्हणून दाखवतात ते नव्वद वेळा हेच. तुमचं क्वार्टर मी पाहिलेलं नाही, पण फक्त नाकाशीच दुहेरी आणि अक्षरं-साल जसंच्या तसं असेल तर ते खर्च करून टाकायला हरकत नाही.

आता पुतण्याच्या योजनेकडे. सगळी अमेरिकेला पाठवू नका. मी हे इतक्या ठामपणे सांगतो कारण या छंदात लोकांनी सर्वांत जास्त पैसा नाण्यांवर घालवलेला नाही, पंचवीस सेंटांच्या नाण्यांना प्लास्टिकच्या कडक डब्या घालण्यात घालवला आहे. शुल्क नाण्यामागे लागतं, शिवाय टपाल, विमा आणि सीमेपलीकडे जाऊन परत येताना ही आपलीच नाणी आहेत हे दाखवणारे कागद. समजा या सगळ्याचे नाण्यामागे चाळीस डॉलर पडले. नुसत्या चांदीच्या भावाने जाणाऱ्या प्रत्येक नाण्याला चाळीस डॉलरचं स्लॅब घातलंत तर घेणारा स्लॅबचे चाळीस परत देत नाही. तो चांदी मोजतो.

सर्टिफिकेट विकत घेणाऱ्याच्या तीन शंकांची उत्तरं देतं: नाणं खरं आहे का, ही तीच व्हरायटी आहे का, आणि अवस्था कोणत्या दर्जाची. या शंकांमुळे तुमच्या नाण्याच्या भावात जेवढी घट होईल ती शुल्कापेक्षा बरीच मोठी असेल तेव्हाच ते काढायचं. १९४७ चं पान खरं वाटत असेल तर घेणारा पहिल्या मिनिटाला ‘हे कोणी कोरलं तर नाही?’ असं विचारणारच, आणि त्या एका शंकेपायी भाव निम्म्याच्या खाली येईल. तिथे सर्टिफिकेट हवंच. घडी नसलेला १९५५ चा सेंट, मोठ्या आकड्याची डाइम, १९६५ चा मध्यम मण्यांचा डॉलर, हेही त्याच रांगेत. १९७३ चा मोठा मुखवटा सीमेवरचा. नाणं चकचकीत, न वापरलेलं असेल तर काढा. हातोहात फिरून झिजलेलं असेल तर मणी मोजलेला फोटोच पुरेसा पुरावा आहे, कारण ती खूण कोणालाही घरी तपासता येते. ज्या व्हरायटीची खूण घेणारा स्वतः मोजू शकतो तिला कागदाची गरज कमी, आणि जिथे कारागिराच्या हातचलाखीची भीती आहे तिथे जास्त. हा भेद पुतण्याला समजावून सांगा. त्याचा उत्साह चांगला आहे, त्याला मण्यांच्या कामावर बसवा.

कुठे पाठवायचं? तुम्ही मिसिसागात आहात, अमेरिकेपेक्षा टोरोंटो जवळ. कॅनडाच्या नाण्यांसाठी तिथली आयसीसीएस ही १९८६ पासूनची सेवा जुन्या संग्राहकांच्या भरवशाची आहे. ती नाणं मऊ पारदर्शक पाकिटात, छापील कार्डासह देते. दिसायला साधं, पण कॅनडातला दुकानदार ते कार्ड वाचतो. क्युबेकमध्ये सीसीसीएस आहे. अमेरिकेच्या पीसीजीएस आणि एनजीसी नाणं कडक डबीत बंद करतात, आणि लिलाव अमेरिकेतला असेल किंवा घेणारा परदेशी असेल तर त्यांचं नाव जास्त चालतं. कॅनडातल्या अनेकांचं म्हणणं असं की आयसीसीएसचा हात दर्जा देताना जरा आखडता असतो. माझंही मत तेच आहे, आणि विकताना तो आखडता हात तुमच्या कामाला येतो, कारण घेणारा वाद घालत नाही. एक-दोन डॉलर-सेंट ओंटारियोतच विकायचे असतील तर सीमा ओलांडण्याचं मला कारण दिसत नाही. पानवाला डॉलर अस्सल आणि उत्तम अवस्थेत निघाला तर मात्र अमेरिकी लिलावाचा विचार करता येईल, तेव्हा डबीही तिथलीच घ्यावी.

कुठेही पाठवलंत तरी अर्जात व्हरायटीचं नाव स्पष्ट लिहा: १९५५, घडी नसलेला. १९७३, मोठा मुखवटा. न लिहिल्यास नाणं नुसतं ‘१९५५ सेंट’ म्हणून परत येऊ शकतं आणि मग शुल्क फुकट. काही सेवा व्हरायटी नोंदवायला वेगळं शुल्क लावतात, ते आधी विचारून घ्या. घासलेलं नाणं पाठवू नका. त्याला बहुधा आकड्याचा दर्जा मिळत नाही, ‘साफ केलेलं’ असा शेरा पडतो आणि तो शेरा त्या कागदावर कायमचा राहतो. अपवाद फक्त अस्सल दुर्मीळ नाण्याचा. ते घासलेलं असलं तरी त्याचं खरेपण सिद्ध करण्याला किंमत आहे.

पाठवण्याआधी एकदा नाणी माणसांना दाखवा. टोरोंटो आणि आसपास नाण्यांचे क्लब आहेत, त्यांच्या सभांना पाहुणे चालतात. भिंग घेऊन बसलेली निवृत्त मंडळी पानवाला डॉलर हातात आला की आपापसात भांडतात, आणि त्या भांडणात तुम्हाला फुकट मत मिळतं. तिथे विकायचं ठरवून जाऊ नका, ‘फक्त ओळख करून घ्यायची आहे’ असं सांगा. आणि सगळे डबे नेऊ नका. संशयातली चार-पाच नाणीच न्या. भाव पाहायला चार्लटनचा कॅटलॉग वाचनालयात मिळेल. त्यातले आकडे दुकानदार विकतो तेव्हाचे धरा, घेतो तेव्हाचे नाही. सहाशेवाल्या गृहस्थांकडे परत गेलात तर चांदी वजनावर आणि व्हरायटी वेगळ्या, असे दोन हिशेब मागा. एकत्र भाव सांगणाऱ्याला चाळणी करायची नसते, कारण ती त्याने आधीच मनात केलेली असते.

विकायचं की ठेवायचं, हे मला विचारलेलं नाही, पण सासूबाईंना एकदा विचारा. नानांनी स्वतःच्या खिशातले पैसे घालून ही नाणी काढली होती, म्हणजे त्यांच्या डोक्यात काही यादी असणार. डब्यांच्या झाकणांवर, तळाशी, एखाद्या जुन्या वहीत काही लिहिलेलं सापडतं का ते पाहा. चाळीस क्वार्टरांतलं एक वेगळ्या कागदात गुंडाळलेलं असलं तर मणी मोजायला त्याच्यापासून सुरुवात करा.

नाणी त्या काळ्या डब्यांत फार दिवस ठेवू नका. एकमेकांवर घासतात. बाजारातली मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटंही नकोत, त्यांनी चांदी-तांब्यावर हिरवट चिकट थर येतो. पुठ्ठ्याच्या चौकटीत पारदर्शक खिडकी असलेले चौकोनी होल्डर स्वस्त मिळतात. नाणं कडेने धरा, आत ठेवल्यावर चौकटीवर साल, प्रकार आणि वजन लिहा, आणि पिना ठोकल्यावर त्या पकडीने सपाट दाबून घ्या, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे येतात. १९४७ चा डॉलर आधी.